बिलावरचे सूप

बिलावर सूप होते. बटाटा आणि लीकचे, दोन वाडगे, १३ पौंड. त्याच्या वर दोन रात्रींचे खोलीचे भाडे, पहिल्या रात्रीचे जेवण, दुपारी डोंगरावर नेण्यासाठी बांधून घेतलेले सँडविच आणि मुलीने घेतलेला सायडरचा एक ग्लास, असे सगळे बाईंनी निळ्या शाईने, वळणदार अक्षरात एकाखाली एक मांडले होते. हिशेबात कुठेही चूक नव्हती. तरी शेवटच्या ओळीपाशी माझी नजर अडखळली आणि, खरे सांगायचे तर, मन किंचित खट्टू झाले. कारण ते सूप आम्ही मागवलेच नव्हते. आदल्या रात्री दहाला दहा मिनिटे कमी असताना, स्वयंपाकघर बंद होऊन तास उलटून गेल्यावर, आम्ही दोघे ओलेचिंब आणि ओशाळे होऊन दारात उभे राहिलो, तेव्हा बाईंनी ते न विचारता आमच्यापुढे आणून ठेवले होते. इतक्या आपुलकीने पुढे ठेवलेल्या गोष्टीचे कुणी पैसे लावते का, असे मनात आलेच. मी पैसे दिले, आभार मानले आणि बस पकडली. ह्या गोष्टीला आता सहा वर्षे होतील. खोलीचे भाडे किती होते हे मला आज आठवत नाही. सुपाचे १३ पौंड मात्र लख्ख आठवतात.

मुलगी तेव्हा मँचेस्टरला नोकरी करत होती आणि मी महिनाभर तिच्याकडे राहायला गेलो होतो. विशीपासून सह्याद्रीत भटकलेल्या बापाला इंग्लंडातले डोंगर दाखवावेत म्हणून तिने सप्टेंबरच्या अखेरीस लेक डिस्ट्रिक्टमधल्या ग्रेट लँगडेल नावाच्या दरीत एका जुन्या सरायीत दोन रात्रींची खोली घेतली. डोंगर म्हणजे किती, तर तिथले आणि अवघ्या इंग्लंडातले सर्वांत उंच शिखर, स्कॉफेल पाइक, ९७८ मीटर. आपली कळसूबाई १६४६. हे आकडे मी मुलीला वाटेत दोनदा तरी ऐकवले असतील, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ त्या ऐकवण्यातच होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सराय दगडी होती, छपराला काळसर स्लेटच्या लाद्या, आणि दाराची चौकट इतकी ठेंगणी की कोकणातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघराची आठवण व्हावी. आत पाऊल टाकताच वास आला तो ओल्या लोकरीचा, ओल्या कुत्र्यांचा, जळत्या लाकडाचा आणि कुठेतरी मंद आचेवर परतल्या जाणाऱ्या कांद्याचा. कुत्री सरायीची नव्हती, गिऱ्हाइकांची होती. मालकांच्या पायांशी, शेकोटीच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊन, ती दमलेल्या माणसांसारखी आडवी झाली होती. बाईंनी आमच्याकडे पाहिले ते आधी पायांकडे. नाव-गाव, नोंद, पैसे ह्या गोष्टी नंतर. आधी बूट काढा आणि माझ्या मागून या. मागच्या बाजूला बॉयलरला लागून एक अरुंद, उबदार खोली होती, केवळ भिजलेले कपडे आणि बूट वाळवण्यासाठी राखलेली. वाळवण म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे गच्चीवरच्या कुरडया येतात. इथे बावीस जोड बूट (मी मोजले) ओळीने मांडलेले, नाड्या सैल केलेले, जिभा बाहेर काढलेले आणि पोटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. डोंगरापलीकडच्या दरीत सीथवेट नावाची एक वस्ती आहे, तिथे वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि इंग्लंडातले सर्वांत ओले वसतिस्थान म्हणून तिची ख्याती आहे. महाबळेश्वरपुढे हा आकडा काहीच नाही, पण आपला पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून निघून जातो. ह्यांचा बाराही महिने उधारीवर चालू असतो. त्यामुळे बूट वाळवणे हा तिथे यजमानधर्माचाच भाग झाला असावा. त्या दरीतल्या दुसऱ्या एका जुन्या सरायीचा बार तर पूर्वीच्या गोठ्यातच आहे, गाईंची ठाणी अजून तशीच ठेवून त्यांत बाके टाकलेली. दमून आलेल्या जिवाला आडोसा देण्याची त्यांची रीत गुरांपासून माणसांपर्यंत फारशी बदललेली दिसली नाही.

अशा जागेला मराठीत काय म्हणावे, हे मला अजून नीटसे सुचलेले नाही. मघापासून सराय म्हणतो आहे, पण सराय म्हणताच उंट आणि बादशाही रस्ते डोळ्यांपुढे येतात. धर्मशाळा म्हणावे, तर अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी बांधलेल्या धर्मशाळांत डोक्यावर छप्पर होते, पैसे द्यावे लागत नव्हते, पण दारात उभे राहून वाट पाहणारेही कुणी नव्हते. लॉजमध्ये पैसे असतात, पण काउंटरवरचा माणूस किल्ली देताना आपल्याकडे पाहतसुद्धा नाही. पाहुणचार म्हणावा तर तो घरी होतो, आणि घरी पैशाचा विषय काढणे म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणे. पैसेही घ्यायचे आणि पाहुणाही मानायचे, ही दोन्ही कामे एकाच बाईने, एकाच छपराखाली, संकोच न करता करायची, ह्यासाठी आपल्या भाषेत घर नाही. कदाचित म्हणूनच मला ते बिल कळले नाही.

दाराजवळच्या फळीवर एक लांबट वही होती आणि तिला सुतळीने बांधलेली पेन्सिल. नाव, कुठे जाणार, कोणत्या वाटेने, किती वाजता परत, आणि शेवटी एक कोरा रकाना. सकाळी निघताना बाईंनी ती पुढे केली. मी ऐटीत लिहिले: स्कॉफेल पाइक, रॉसेट गिल आणि एस्क हाउसवरून, त्याच वाटेने परत, साडेपाच. बाई वाचून म्हणाल्या, की वर ढग बसतील, होकायंत्र आहे ना? मुलगी म्हणाली फोनमध्ये आहे. मी हसलो. हरिश्चंद्रगडाच्या धुक्यात रात्र काढलेल्या माणसाला होकायंत्र विचारतात, असे काहीसे ते हसणे होते.

चढ सुरेख होता, एवढेच सांगतो. रॉसेट गिलच्या घळीतून घडीव दगडांची वाट वर चढत जाते, वर अँगल टार्न नावाचे काळ्या पाण्याचे लहानसे तळे लागते, तिथे आम्ही सँडविच खाल्ले. आणि एस्क हाउसच्या खिंडीपासून पुढे झाड नाही, माती नाही, नुसता दगडांचा पसारा. ढग तिथेच खाली उतरले. शिखरावर दगडांचा एक मोठा गोल चौथरा आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ह्या भागातल्या माणसांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये हा माथा राष्ट्राला दान करण्यात आला, असे तिथल्या दगडावर कोरलेले आहे, ते वाचण्यासाठी मला अक्षरांवरून बोट फिरवावे लागले, इतके धुके होते. तिथून आमची वाट ईशान्येला उतरत होती. आणखी एक वाट वायव्येला उतरते, तिलाही दगडांच्या ढिगाऱ्यांच्या खुणा आहेत, शिवाय तीच अधिक रुळलेली, आणि वीस-पंचवीस जणांचा एक घोळका हसत-खिदळत त्या वाटेने निघाला होता. माणसे जिकडे जातात तिकडे गाव असते, हा सह्याद्रीतला माझा नियम. मुलीच्या फोनचा पडदा पावसाने बोट ओळखेनासा झाला होता. आम्ही घोळक्यामागे निघालो.

दोन तासांनी ढगाखाली आलो तेव्हा समोर एक लांबलचक, शिशाच्या रंगाचा तलाव पसरला होता. आमच्या दरीत तलाव नव्हता.

ती वॉसडेल दरी होती. तिथले लोक अभिमानाने सांगतात, की इंग्लंडातला सर्वांत उंच डोंगर त्यांचा, सर्वांत खोल तलाव त्यांचा, लहानात लहान म्हणावे असे देऊळ त्यांचे आणि सर्वांत मोठा थापाड्याही त्यांचाच. हा थापाड्या म्हणजे विल रिट्सन, एकोणिसाव्या शतकात तिथे सराय चालवणारा. आपल्या दरीतले सलगम एवढे मोठे होतात की रविवारच्या जेवणासाठी लोक खाणीसारखे त्यातून तुकडे खणून नेतात आणि उरलेल्या पोकळीत मेंढ्या निवाऱ्याला राहतात, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना गंभीर चेहऱ्याने सांगत असे. त्याच्या नावाने अजूनही दरवर्षी जवळच्याच सँटन ब्रिज गावी थापा मारण्याची स्पर्धा होते. राजकारणी आणि वकील ह्यांना तिच्यात मज्जाव आहे, कारण त्यांचा तो व्यवसाय. हे सगळे मला तिथल्या पबमध्ये शेकोटीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितले, आणि शेवटी त्याच गंभीर चेहऱ्याने म्हणाला, की लँगडेलला जायला रस्त्याने सव्वा तास लागेल. मला आधी ती थापच वाटली. डोंगराच्या ह्या अंगाला आणि त्या अंगाला एवढे अंतर कसे असेल?

मोबाइलला तिथे रेंज नव्हती. काउंटरवरच्या मुलाने पबचा फोन पुढे केला. त्यावरून मुलीने टॅक्सी बोलावली. ती यायला तासाहून जास्त वेळ लागणार होता, म्हणून आम्ही चहा मागवला, मोजे शेकोटीपुढे धरले, रिट्सनच्या थापांवर हसलो, आणि बाहेर अंधार पडत गेला. फोन आमच्यापासून चार हातांवर होता. सरायीचा नंबर मुलीच्या खिशातल्या कागदावर होता. बाईंना एक फोन करावा, हे दोघांपैकी एकालाही सुचले नाही. मुलीचे एक वेळ सोडून देऊ, ती दमली होती. मला का सुचू नये, ह्याचा मी पुढे बराच विचार केला. एकच उत्तर मिळाले. पैसे देऊन राहिलो त्या ठिकाणी आपली कुणी वाट पाहत असेल, ही कल्पनाच माझ्या डोक्यात नव्हती.

परतीची वाट हार्डनॉट आणि रायनोझ ह्या दोन घाटांवरून होती. हार्डनॉटचा चढ जागोजाग एकास तीन आहे, रस्ता जेमतेम एका गाडीचा, आणि वर अंधारात कुठेतरी रोमनांनी बांधलेल्या किल्ल्याच्या भिंती. टॅक्सीवाल्याने बराच वेळ मौन पाळले आणि मग, चुकीच्या दरीत उतरलेली माणसे हे आपले ठरलेले गिऱ्हाईक आहे, एवढे सांगून पुन्हा गप्प झाला. वळणावर गाडीचा झोत मेंढ्यांवर पडत होता. पांढऱ्या तोंडाच्या, राखी लोकरीच्या ह्या हर्डविक मेंढ्यांना डोंगरावर कुंपण लागत नाही. आपल्या कळपाचा टापू कोणता हे कोकरू आईबरोबर चरता चरता शिकते आणि पुढे जन्मभर तो सोडत नाही. मीटरवरचा आकडा ८० पौंडांकडे सरकत होता आणि त्या आमच्याकडे पाहत रवंथ करत होत्या.

बाई दारातच होत्या. हातात विजेरी, अंगावर रेनकोट, म्हणजे त्या आताच कुठून तरी आल्या असाव्यात. नंतर कळले, की त्या वाट सुरू होते त्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन आल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, आणि सुटलो बुवा असे तोंडही केले नाही. एवढेच म्हणाल्या, "दहा वाजता फोन करणार होते." फोन म्हणजे पोलिसांना, आणि त्यांच्याकरवी डोंगरातल्या बचाव पथकाला. हे पथक म्हणजे सरकारी खाते नव्हे. आपल्याकडे लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची माणसे जशी हातातले काम टाकून दरीत उतरतात, तशीच तिथली माणसे घरातून उठून, बूट चढवून रात्री-अपरात्री डोंगरावर जातात. पगार नाही, आणि ज्याला उचलून आणले त्याच्याकडून एक पैसाही घेत नाहीत. म्हणजे आणखी दहा मिनिटांनी, एका दरीत पबमध्ये शेकून आलेल्या आम्हा दोघांना शोधायला तेवढी माणसे भिजत निघाली असती. बाईंनी वही उघडली, "साडेपाच" ह्या माझ्या आकड्यापुढच्या कोऱ्या रकान्यात पेन्सिलीने "९.५०" लिहिले आणि वही मिटली. माझे कान तापले. मग सूप आले, जाड कापलेल्या पावासकट, आणि वाडगे रिकामे होईपर्यंत बाई काउंटरमागे ग्लास पुसत उभ्या राहिल्या. बूट त्या आधीच घेऊन गेल्या होत्या.

उचलून आणल्याचे बिल झाले नसते, सुपाचे झाले. दुसऱ्या दिवशी अँबलसाइडच्या बसमध्ये मी हेच उलटसुलट करून पाहत होतो आणि कसे कोण जाणे, मला खिरेश्वर आठवले.

१९९४ चा पावसाळा. आम्ही पाच मित्र, कॉलेजातले, खुबी फाट्यावर एसटीतून उतरून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. उतरताना तोलार खिंडीच्या वरच्या टेकड्यांत धुक्याने घेरले, त्याच त्या टेकड्यांना तीन प्रदक्षिणा झाल्या, आणि खिंडीतल्या व्याघ्रशिल्पाला हात लागला तेव्हा अंधार पडला होता. गावात पोहोचलो तर सगळे सामसूम. ज्या दारात उजेड दिसला तिथे हाक मारली. एक मावशी कंदील घेऊन बाहेर आल्या, आमच्याकडे पाहिले आणि काही न विचारता आत जाऊन विझलेली चूल फुंकू लागल्या. थोड्या वेळाने त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बाहेर पडला. हातात वाटी होती. तो शेजारच्या दारात गेला आणि परतला तेव्हा त्याने वाटीवर तळहात पालथा धरला होता, आत पाऊस जाऊ नये म्हणून. पिठले आले, तांदळाच्या भाकऱ्या आल्या, लसणीचा ठेचा आला. आम्ही पाच जणांनी किती भाकऱ्या खाल्ल्या हे मोजण्याची आमची पद्धत नव्हती आणि मावशींचीही नव्हती. त्यांच्या ओसरीवर झोपलो. सकाळी विचारले, "मावशी, किती झाले?" त्या म्हणाल्या, "द्या काय द्यायचं ते, लेकरांनो."

परतीचे भाडे बाजूला काढून आमच्याकडे १२० रुपये होते. आम्ही बाजूला जाऊन मसलत केली आणि ४० रुपये दिले. डोई ८ रुपये. मावशींनी ते न मोजता पदराला बांधले. एसटीत बसल्यावर आम्ही त्या मायेबद्दल भरभरून बोललो, आणि उरलेल्या ८० रुपयांची आळेफाट्याला मिसळ खाल्ली. पुढे पंचवीस वर्षे मी ही गोष्ट लोकांना सांगत आलो, गावच्या माणसाचे मन किती मोठे असते ह्याचे उदाहरण म्हणून. मुलीलाही सांगितली होती. तीत वाटी कधी आली नव्हती. वाटी मला त्या बसमध्ये आठवली. ते बेसन होते, आणि उसने आणलेले होते.

म्हणून बाईंचे बिल बरोबर आणि मावशींचे औदार्य चूक, असा निकाल मी लावणार नाही. तो मला लावता येत नाही. सुपाचे पैसे घेतल्याने बाईंचे फाटकापर्यंतचे दोन हेलपाटे स्वस्त झाले नाहीत, उलट सूप चुकते झाल्यावर हेलपाटे तेवढे माझ्या नावावर उरले. मावशींनी आकडा सांगितला नाही, त्याचा आम्ही सोयीचा अर्थ काढला. "काय द्यायचं ते द्या" ह्यातली अब्रू त्यांची होती, परीक्षा आमची होती, आणि आम्ही मिसळ खाल्ली. तरीसुद्धा त्या पिठल्याची चव अजून जिभेवर आहे आणि सूप जरा अळणी होते, हेही सांगितले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीनंतरच्या एका शनिवारी, पुन्हा खिरेश्वरला गेलो. एकटाच. गावात आता दर दोन घरांआड पाटी आहे: घरगुती जेवण, तंबू, गाइड, खाली मोबाइल नंबर. मावशींचे घर कुठले ते ओळखू येईना. जिथे असावे असे वाटले तिथे पक्के स्लॅबचे घर आणि पुढे पिकअप उभी होती. कुणाला काय विचारावे, हेही कळेना. नाव तर आम्ही तेव्हाही विचारले नव्हते. शेवटी एका पाटीखाली थांबलो. चाळिशीतली एक बाई तांदूळ निवडत बसली होती. भिंतीवर क्यूआर कोड, शेजारी खडूने लिहिलेले: थाळी २००, जास्तीची भाकरी २०. मी संध्याकाळचे जेवण सांगितले.

"गडावर चाललात? एकलेच?" तिने सुपातून नजर वर करत विचारले. "किती वाजेस्तोवर खाली येताल?"

साडेपाच म्हणून तोंडातून निघणारच होते. मी गडाकडे पाहिले. माथ्यावर ढग उतरू लागले होते.

"सात," मी म्हणालो. "उशीर झाला तर फोन करतो. नंबर सांगा."

तिने सांगितला, मी तिथल्या तिथे लावून पाहिला, आणि आत कुठेतरी, बहुधा फळीवर, तिचा फोन वाजला.